छोट्याचं वरचं अन्न सुरू केलं आणि मोठीला परत बाळ व्हायचं होतं

बाळाला वरचं अन्न कसं सुरू करायचं हे सांगणारे ढीगभर लोक भेटतात, पण घरात आधीच एक साडेतीन वर्षांची बसलेली असताना ते कसं करायचं हे कुणी सांगत नाही. मोठीच्या वेळी मी वाटी घेऊन तासभर तिच्यासमोर बसायचे, गाणी म्हणायचे, घड्याळ बघायची गरजच नव्हती. आता तसं बसायला गेलं की दुसरीकडे बेसिनचा नळ सुरू झालेला असतो.

आमच्या डॉक्टर मॅडमनी सहा महिने पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितलं होतं, 180 दिवस, त्याआधी पाणीसुद्धा नको. सासूबाईंना ते फारसं पटलं नव्हतं, त्यांच्या मते चौथ्या महिन्यापासून डाळीचं पाणी द्यायला काहीच हरकत नसते, शिवाय बाळगुटी तर जन्मापासूनच. मग मॅडमनीच त्यांना समजावलं की बाळ पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह अगदी कमी असतं, म्हणून तेव्हा वरचं लागतंच, पण त्याआधी घाई करून फायदा काही नाही. सासूबाई त्यांच्यासमोर हो हो म्हणाल्या. घरी येऊन मला म्हणाल्या, "अगं, उष्टावण तरी सम महिन्यात करणार ना?" मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम, ते आपोआप जुळत होतं त्यामुळे तो वाद तिथेच मिटला.

उष्टावण छान झालं. मामाच्या मांडीवर बसवलं, चांदीची वाटी-चमचा, तांदळाची खीर जिभेला टेकवण्यापुरती. मध मात्र मी नाही म्हणजे नाहीच दिला, एक वर्षाच्या आत मध देऊ नये कारण त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्याशा बाळाचं आतडं ते झेपवू शकत नाही, मोठ्यांना काही होत नाही म्हणून कुणाला ते खरं वाटत नाही. मोठीला मामाची दुसरी मांडी हवी होती, ती मिळाली, तिलाही चांदीच्या चमच्याने खीर भरवली. फोटोत तिचाच आ मोठा आहे.

खरी गंमत दुसऱ्या दिवसापासून. स्वतःच्या हाताने पोळीभाजी खाणारी, शाळेच्या डब्यातलं संपवून येणारी आमची मुलगी एकदम "मला भरव" वर आली. लाळेरं पण हवं, छोटा चमचा पण हवा, आणि छोट्याच्या वाटीत काय आहे ते आधी तिला चाखायचं. चार दिवस मी "तू मोठी झालीस ना आता" करून पाहिलं, त्याचा परिणाम उलटाच, कारण मोठं होण्यात तिला काहीच फायदा दिसत नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही तिला पटेल असा एक फायदा सांगता येईना.

मग नवरा म्हणाला की दोघांना एकाच वेळी जेवायला बसव ना. तिची नर्सरी बारा वाजता सुटते, ती भुकेली येते, तर छोट्याचं पण साडेबाराचं ठेवलं. हे ऐकायला सोपं आहे, पण त्यासाठी त्याची अकराची झोप थोडी अलीकडे आणायला लागली आणि तो आठवडा घरात कुणाचंच काही धड नव्हतं. एकदा बसलं मात्र ते बसलं.

स्वयंपाक वेगळा करायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. कुकरमध्ये नेहमीचेच डबे, एकात आपला भात, एकात डाळ, आणि वरच्या छोट्या डब्यात तीन भाग तांदूळ एक भाग मूगडाळ जरा जास्त पाण्यात, त्यातच गाजराचा नाहीतर लाल भोपळ्याचा तुकडा. मीठ-फोडणीच्या आधी त्याचं बाजूला काढायचं, रवीने घोटायचं, वर अर्धा चमचा साजूक तूप. मीठ-साखर वर्षभर नाही. मोठीला तोच मऊ भात पण मीठ, लिंबू आणि मेतकूट घालून. तिच्या दृष्टीने दोघांचं सेम, माझ्या दृष्टीने एक कुकर कमी.

सासूबाईंचा डाळीच्या पाण्याचा हट्ट मात्र टिकून होता. ते पचायला हलकं असतं हे खरंच आहे, पण हलकं का, तर त्यात डाळच नसते. बाळाचं पोट एवढंसं, ते पाण्याने भरलं तर ताकद कुठून मिळणार. मॅडमनी एक खूण सांगितली होती ती मला फार उपयोगी पडली, चमचा तिरका केला की अन्न घळकन खाली पडलं नाही पाहिजे. मी ते सासूबाईंना करून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मग गुरगुट्या भात म्हण की सरळ, एवढं काय त्यात." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच असा घोटून दिला की मला तसा आजही जमत नाही.

नाचणी सत्वाचं खातं पण त्यांच्याकडेच. नाचणी रात्रभर भिजवायची, सुती फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. गिरणीवाल्याने एवढंसं दळून द्यायला नकार दिला त्यामुळे मिक्सरच. मोड आणण्याला कारण आहे हे मला आधी माहीत नव्हतं, मला वाटायचं जुनी पद्धत म्हणून करतात. मोड आले की धान्यातलं स्टार्च थोडं फुटतं, त्यामुळे खीर फार घट्ट न होता जास्त पीठ पोटात जातं, आणि लोह-कॅल्शियम अडवून धरणारं फायटिक ॲसिड पण कमी होतं. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये एवढं दुसऱ्या कशात क्वचितच.

मोठीला अर्थातच तीही हवी होती. दिली, गूळ घालून, तिला चालतो. तीन-चार वेळा अगदी लाळेरं बांधून खाल्ली आणि मग स्वतःच म्हणाली, "हे फेविकॉलसारखं आहे, मला पोळी दे." मी नाही म्हणत राहिले असते तर हे महिनाभर चाललं असतं याबद्दल मला शंका नाही.

छोटा पहिले काही दिवस सगळं जिभेने बाहेर ढकलायचा. ते नावडलं म्हणून नसतं, चोखायची सवय असते ती जायला वेळ लागतो. एखादी चव आठ-दहा वेळा द्यावी लागते म्हणतात, दुधीच्या बाबतीत ते खरं निघालं. केळं आणि नाचणी सलग झालं की पोट घट्ट व्हायचं, मग पपई आणि दोन-दोन घोट पाणी. लोहाचं औषध सुरू झाल्यावर शी काळी झाली आणि सासूबाई घाबरल्या, पण ते नॉर्मल असतं. औषध दुधासोबत न देता मधल्या वेळेत द्यायला सांगितलं होतं, आणि डाग तर असे पडतात की त्या वेळेसाठी एक जुनं झबलं वेगळंच ठेवलंय.

सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालून बघावं लागलं ते मोठीच्या प्रेमाकडे. तिला दोन गोष्टी कळल्या होत्या, एक म्हणजे बाळ आता खातं, दुसरं म्हणजे आपण शेअर करायचं असतं, शाळेत तेच शिकवतात. एकदा ती आजीच्या डब्यातला फुटाणा घेऊन त्याच्या तोंडाशी हात नेताना दिसली, मी शेजारीच होते म्हणून हातातल्या हातात घेतला. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं हे श्वासनळीत अडकणारे प्रकार, खरं तर तिच्या वयालाही अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. ओरडले नाही, नियम केला की बाळाला काही द्यायचं असेल तर आधी आईच्या हातावर ठेवायचं. आता ती खडू, चप्पलचा बक्कल, सगळं आणून माझ्या हातावर ठेवते.

त्यानंतर नवरा आणि मी दोघांनी घास अडकल्यावर काय करायचं ते नीट समजून घेतलं. बाळ आवाज करत, लाल होऊन ओकारी काढतंय तर ते स्वतःच घास पुढे ढकलतंय, बघत राहायचं. आवाजच निघत नाही, खोकता येत नाही, तर मात्र लगेच हातावर पालथं, डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच वेळा दाब, आलटून पालटून, आणि दुसऱ्याने मदत बोलवायची. दिसत नसताना तोंडात बोट घालून शोधायचं नाही. सासूबाईंनी पण उशीवर प्रॅक्टिस केली.

मोठीला काम दिल्यावर घरात बराच फरक पडला. केळं काट्याने कुस्करणं तिचं खातं, आणि छोटा पोट भरल्यावर मान फिरवतो हे आमच्या आधी तिलाच कळतं, आजी "हा घास चिऊचा" म्हणून आणखी एक भरवायला लागली की ती जोरात ओरडते, "आजी, तो बास म्हणतोय!" आजींना ते आवडत नाही पण ऐकतात. मोबाईल दोघांनाही जेवताना नाही, हा एक नियम मात्र रोज मोडायला येतो आणि मोडणारे बहुतेक वेळा पाहुणे असतात.

आता तो नऊ महिन्यांचा झालाय, तीन वेळा जेवतो, मधे एखादं फळ, अंगावरचं दूध चालूच. घोटायचं बंद केलंय, नुसतं कुस्करून देते, इडली आणि मऊ पोळीचा तुकडा हातात धरून स्वतः खातो, निम्मं खाली. साताऱ्याला जाताना तांदूळ-मूगडाळ भाजून जाडसर दळलेली भरड आणि थर्मासमध्ये उकळतं पाणी नेते, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भिजवून ठेवलं की पाऊण तासाने खाण्यासारखं मऊ होतं. भरड नीट भाजली गेली नसेल तर कच्ची लागते आणि तो थेट थुंकतो, त्यामुळे भाजताना घाई करू नका.