१९० मैल आणि आईची रविवारची गोळी

आईला फोनवर सांगितलं, की ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी मी १९० मैल सायकल चालवणार आहे. तिने आधी विचारलं, म्हणजे किलोमीटर किती. तीनशेच्या वर म्हटल्यावर पलीकडे क्षणभर सामसूम. मग म्हणाली, "का गं? गाडी बिघडली का?"

तिचा प्रश्न रास्त होता. कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता. बॉस्टनजवळच्या उपनगरात राहून १९ वर्षं झाली, त्यातली बहुतेक खुर्चीवर बसून सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात गेली. गेल्या वर्षी ऑफिसातल्या एका गटाने 'आमच्यात येतेस का' म्हणून विचारलं आणि मी भिडेपोटी हो म्हणून बसले. 'नाही' म्हणायला मी पंचेचाळिशीनंतरही शिकलेले नाही.

तर हा प्रकार म्हणजे पॅन-मास चॅलेंज. इथे सगळे नुसतं पीएमसी म्हणतात. बिली स्टार नावाच्या माणसाची आई १९७४ मध्ये मेलानोमाने, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाने गेली. १९८० साली त्याने छत्तीसेक जणांना गोळा केलं आणि मॅसॅच्युसेट्स राज्य आडवं ओलांडत, केप कॉडच्या पार टोकाला असलेल्या प्रोव्हिन्सटाउनपर्यंत सायकली मारत नेल्या. त्या वर्षी दहा हजार डॉलर जमले. आता दरवर्षी सहा हजारांच्या वर लोक असतात आणि आजवरचा आकडा एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलाय. सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातो, आयोजनाचा खर्च त्यातून काढत नाहीत. हे कळलं तेव्हा माझा अर्धा संशय मिटला. उरलेला अर्धा स्वतःच्या गुडघ्यांविषयी होता.

सायकल चालवण्याइतकंच अवघड दुसरं एक काम यात आहे, ते म्हणजे पैसे मागणं. नाव नोंदवतानाच किमान रक्कम कबूल करावी लागते, तीही हजारांत. तेवढी जमली नाही तर उरलेले पैसे तुमच्याच क्रेडिट कार्डावरून वळते होतात. माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे कुणापुढे हात पसरू नये असं शिकवतात. पण मग आठवलं, की आपण तर वर्गणी मागत मोठे झालो! आठवीत असताना आम्ही पाच जणी पावती पुस्तक घेऊन चाळीच्या तिन्ही मजल्यांवर फिरायचो. 'मागच्या वर्षी एकवीस दिले होते, यंदा एकतीस द्या काका' हे कसं म्हणायचं ते मला चांगलं येत होतं. फक्त काका बदलले. पहिला ईमेल लिहायला तीन दिवस लागले, पाठवल्यावर वीस मिनिटांत पहिले ५० डॉलर आले, तेही ज्या बाईशी मी कधी धड बोलले नव्हते तिच्याकडून. खाली एकच ओळ होती: 'माझ्या भावासाठी.' इथे कुणाच्या घरात काय होऊन गेलंय हे वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसूनही कळत नाही. मागायला गेलं की मात्र कळतं.

सरावाची सुरुवात जानेवारीत झाली, आणि ती तळघरात. बाहेर गुडघाभर बर्फ. सायकलचं मागचं चाक काढून ती एका यंत्राला जोडायची आणि जागच्या जागी पाय मारत बसायचं. घाण्याचा बैल निदान गोल तरी फिरतो. अर्ध्या तासात घामाची तळी. नवरा एकदा वरून डोकावला आणि 'पोहोचलीस का?' असं विचारून गेला. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

एप्रिलमध्ये रस्ते मोकळे झाले, तसे आम्ही मिनटमन बाइकवेवर आलो. केंब्रिजच्या एलवाइफ स्टेशनपासून आर्लिंग्टन, लेक्सिंग्टन करत बेडफर्डपर्यंत जाणारी ही दहा मैलांची वाट म्हणजे एके काळची रेल्वेलाइन. रूळ काढून डांबर घातलंय. आगगाडीला खडा चढ चालत नाही, म्हणून वाटही न दमवणारी. नवशिक्यांना झकास, पण तिथेच रमलात तर फसलात, कारण खऱ्या मार्गावर चढच चढ आहेत. आमच्या गटाची कॅप्टन ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. तिने तीन आठवड्यांत आम्हाला तिथून हुसकावलं आणि कार्लाइल, कॉन्कर्डच्या रस्त्यांवर काढलं.

पहिली फजिती बुटांची. या सायकलींच्या पेडलमध्ये बुटाचा तळ खटकन अडकतो, आणि थांबण्याआधी टाच बाहेर वळवून तो सोडवावा लागतो. लाल दिवा लागला, मी ब्रेक दाबला, सायकल थांबली, पाय काही सुटला नाही. शून्य वेगाने, अगदी सावकाश, झाड तोडल्यासारखी मी डावीकडे आडवी झाले. बाजूच्या गाडीतल्या आजींनी काच खाली करून 'ठीक आहेस ना?' विचारलं. कोपर खरचटलं होतं, बाकी लागलं ते अब्रूला. कॅप्टन म्हणाली, प्रत्येक जण एकदा पडतोच, तुझं उरकलं.

दुसरी फजिती मात्र हसण्यासारखी नव्हती. मे महिन्यात पहिल्यांदा ५० मैल जायचे होते. सकाळी नुसता चहा घेऊन निघाले. व्यायाम रिकाम्या पोटी करावा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पस्तिसाव्या मैलापर्यंत मजेत होते. मग अचानक कुणीतरी बटण बंद केल्यासारखं झालं. पाय गळाले, हात थरथरायला लागले, आणि साध्या चढावर मला रडू फुटलं. दुःख कसलंच नव्हतं, नुसतंच रडू. इथले सायकलवाले याला बाँक म्हणतात. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन जोर लावल्यावर दीड-दोन तासांत संपत येतं, आणि मेंदूला साखर कमी पडली की मन आधी कोसळतं. तेव्हापासूनचा नियम: भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. तासाला निदान ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं.

गटातले बाकीचे त्यासाठी पाकिटातली चिकट जेल चोखतात. मी दोन खाऊन पाहिली, गोड कफ सिरपसारखी लागतात. आता माझ्या पाठीच्या खिशात असतं ते खजूर, राजगिऱ्याची वडी आणि मीठ लावलेले छोटे उकडलेले बटाटे. बाटलीत कोकमाचं आगळ, साखर आणि सढळ हाताने मीठ. चिक्कीचाही प्रयोग केला, पण धापा टाकत शेंगदाणे चावणं धोक्याचं आहे, एकदा ठसका लागून दुभाजकाकडे गेले होते. कॅप्टनला कोकम इतकं आवडलंय की ती आता त्याला 'ते जांभळं औषध' म्हणते आणि दर शनिवारी रिकामी बाटली पुढे करते.

छोट्या गोष्टींनी किती त्रास होतो हे कुणी आधी सांगत नाही. सीट एक सेंटीमीटर खाली होती, तर महिनाभर गुडघा दुखला. हँडलवर फार भार दिल्याने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. दर काही मिनिटांनी हातांची जागा बदलायला लागल्यावर थांबलं. गादीवाल्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे मला समजावताना कॅप्टनसुद्धा लाजली. आणि पंक्चर! लहानपणी चौकातला सायकलवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचा. इथे रस्त्याकडेला तुम्हीच सायकलवाले. टायर उचकटा, नवी ट्यूब घाला, पण त्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काच शोधा. मी ते एकदा विसरले, तर अर्ध्या मैलात दुसरी ट्यूबही गेली.

गटात चालवायला शिकणं ही वेगळीच विद्या. पुढच्याच्या मागे हातभर अंतरावर राहिलं की वारा तो खातो, तुमची ताकद बरीच वाचते. पण त्यासाठी अनोळखी माणसाच्या पाठीवर पूर्ण विश्वास टाकावा लागतो, कारण पुढचा खड्डा तुम्हाला दिसतच नाही. म्हणून सगळे सतत ओरडत आणि हातवारे करत जातात: खड्डा, वाळू, मागून गाडी. माझ्या तोंडून घाईत मराठीच निघतं. आता आमच्या गटातले चार अमेरिकन 'खड्डा' असं ओरडतात, ख आणि ड यांची काशी करून.

हे सगळं चाललं असताना एक प्रश्न मात्र माझी पाठ सोडत नव्हता. तू कुणासाठी चालवतेस? पीएमसीत हे सहज विचारतात. हेल्मेटवर, पाठीवर लोक नावं लिहितात, फोटो लावतात. इन्स्टिट्यूटच्या लहान रुग्णांशी काही गटांची जोडी लावून दिलेली असते. माझ्याकडे सांगण्यासारखं नाव नव्हतं. देवाच्या कृपेने नव्हतं म्हणायला हवं, पण सगळ्यांमध्ये ते 'कुणी नाही' म्हणणं चोरट्यासारखं वाटायचं.

म्हणून एका रविवारी मी डेना-फार्बरचा इतिहास वाचत बसले. सिडनी फार्बर हे मुलांच्या रोगांचे पॅथॉलॉजिस्ट. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेली मुलं तेव्हा काही आठवड्यांत जायची, उपाय नव्हता. फॉलिक अॅसिडमुळे तो रोग बळावतो असं फार्बर यांना दिसलं, तेव्हा त्यांनी उलटा विचार केला: फॉलिक अॅसिडचं काम रोखणारं काही मिळालं तर? १९४८ च्या जूनमध्ये त्यांनी छापलं, की असं काम रोखणारं अमिनोप्टेरिन दिलेल्या १६ मुलांपैकी १० जणांचा आजार काही काळ मागे हटला. काही काळच, पण तोवर तेवढंही कुणी पाहिलं नव्हतं. आणि ते औषध फार्बर यांना पुरवलं होतं लेडर्ले या औषध कंपनीतल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने.

सुब्बाराव. मी नाव दोनदा वाचलं. आंध्रातल्या भीमावरमचा जन्म, १८९५. विशीच्या शेवटी बॉस्टनला आले, आणि शिकताना पोट भरायला इथल्या इस्पितळात रात्री रुग्णांची घाण उपसायचं काम केलं. पुढे हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर १९२७ मध्ये त्यांनी स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं आणि १९२९ मध्ये एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं. एटीपी म्हणजे स्नायूला आकुंचन पावायला लागणारं इंधन. चढाच्या पायथ्याशी सीटवरून उठून मी पहिले काही सेकंद जो जोर लावते, तो या दोन रेणूंवर. माझे पाय ज्यावर चालतात ते ज्यांनी दाखवलं, आणि मी ज्या कामासाठी पाय मारते ते ज्यांच्या औषधाने सुरू झालं, ते गृहस्थ एकच. फार्बर यांचा लेख आल्यावर दोनच महिन्यांत, ऑगस्ट १९४८ मध्ये, ते गेले. वय अवघं ५३.

हे मी आईला फोनवर रंगवून सांगत होते. अमिनोप्टेरिनचं पुढे मेथोट्रेक्सेट झालं, ते आजही देतात, म्हटलं. आई म्हणाली, "काय म्हणालीस? थांब." कपाट उघडल्याचा आवाज आला, चष्मा शोधला, आणि तिने पाकिटावरचं नाव एकेक अक्षर लावून वाचलं. संधिवातासाठी अकरा वर्षं ती आठवड्यातून एकदा जी पिवळी गोळी घेते, जिला आमच्या घरात 'रविवारची गोळी' एवढंच नाव आहे, ती हीच. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिला फॉलिक अॅसिड का देतात, हेही त्याच फोनवर मला उमगलं. या गोळीआधी तिला वेणी घालता येत नव्हती. आता ती सकाळी कणीक मळते.

तर आता माझ्या हेल्मेटवर काय लिहायचं ते ठरलंय. आईचं नाव लिहायला तिने सक्त मनाई केली ("मला काय झालंय?"), म्हणून सुब्बारावांचं.

आता जुलै संपत आलाय. सगळ्यात लांब फेरी ८५ मैलांची झाली, त्यानंतर दोन दिवस जिना उलटा उतरत होते. शेवटच्या दोन आठवड्यांत सराव कमी करायचा असतो, आणि तेच जड जातंय, पाय वळवळतात. शनिवारी स्टर्ब्रिजहून निघून ११० मैलांवर बोर्न, तिथल्या मॅरिटाइम अकॅडमीत मुक्काम. रविवारी पहाटे कालव्यावरचा बोर्न पूल ओलांडून केप कॉडवर, मग ८० मैल, शेवटी ट्रुरोचे चढ आणि समोरून समुद्राचा वारा. परत बोटीने. माझी भीती शनिवारची नाहीच, रविवारी पहाटे त्याच सीटवर पुन्हा बसण्याची आहे.

आईने परवा वर्गणी दिली. ५०१ रुपये, भावाकडे ठेवलेत. ते डॉलरमध्ये सहाच्या आसपास होतात, मी माझ्या खात्यातून तिच्या नावाने भरले. "पावती देतात का?" तिने विचारलं. ईमेलवर आलेली पावती छापून भावाने तिला दिली, ती औषधांच्या डब्यात ठेवलीय म्हणे.

मी पुलावर चढेन तेव्हा इथे पहाटेचे पाच असतील, म्हणजे तिच्याकडे दुपारचे अडीच. जेवून, गोळी घेऊन ती आडवी झालेली असेल. सायकलवरून फोन करायचा नाही, असं तिने मला दोनदा बजावलंय.