आजेसासूंचं माहेर शोधायला हंगेरीत

माझ्या आजेसासू, म्हणजे नवऱ्याच्या आईची आई, फेब्रुवारी १८९६ मध्ये हंगेरीत जन्मल्या आणि १९१३ मध्ये, सतराव्या वर्षी, एकट्या अमेरिकेत आल्या. क्लीव्हलंडच्या बकाय रोडवर हंगेरियन लोकांची मोठी वस्ती होती, तिथेच त्यांचा संसार झाला. मी त्यांना पाहिलेलं नाही. नवऱ्याला आठवते ती त्यांची नाताळातली खसखशीची गोड गुंडाळी, बेग्ली, आणि खसखस दळायचं टेबलाच्या कडेला घट्ट आवळलेलं लोखंडी यंत्र. माहेरबद्दल त्या बोलत नसत. सासूबाईही गेल्या, आणि घरात विचारायला कुणी उरलं नाही. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं बारा दिवस हंगेरीत जाऊन आलो. असा शोध घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं सांगणं हे, की विमानाचं तिकीट काढण्याआधी चार-सहा महिने घरी बसून कागद शोधा. आमचा पहिला धागा क्लीव्हलंडमधल्या लग्नाच्या अर्जात मिळाला. त्यावर आजेसासूंचं माहेरचं आडनाव होतं, आणि त्यांच्या आईचंही, पण इंग्रजी कारकुनाने ऐकून लिहिलेलं. नागरिकत्वाच्या कागदांत मात्र आजी शोधू नका. १९२२ पर्यंत अमेरिकेत बायकोला नवऱ्याबरोबर आपोआप नागरिकत्व मिळायचं, त्यामुळे त्या काळातल्या बहुतेक बायकांची स्वतःची फाइलच नाही.

मग जहाजाची यादी. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे बोटीने आलेल्यांची तपासणी व्हायची, तिथल्या याद्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात. १९०७ पासून त्या दोन पानी झाल्या. डावं पान सापडलं की माणूस खूश होऊन थांबतो. आम्हीही थांबलो होतो. मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता डाव्या पानावर असतो, पण खरा ऐवज उजव्या पानावर: अमेरिकेत ज्याच्याकडे जायचं त्याचं नाव, पत्ता आणि प्रवाशाचं जन्मगाव. एलिस बेटावर साहेबाने नाव बदललं, ही गोष्ट आमच्याही घरात सांगितली जायची. पण याद्या भरल्या जायच्या त्या निघण्याच्या बंदरावर. एलिस बेटावर फक्त त्या वाचून हाक मारली जायची.

त्या पानावर गावाचं नाव होतं, पण अक्षरं लागत नव्हती. इथे १९१३ च्या हंगेरियन गावसूचीने हात दिला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या त्रियानोन तहात हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख गेला, त्यामुळे 'हंगेरीत जन्म' असं लिहिलेलं गाव आज स्लोव्हाकिया, रोमानिया, सर्बिया किंवा युक्रेनमध्येही असू शकतं. आमच्या अबाउय जिल्ह्याचं मुख्य ठिकाण कोशित्से आता स्लोव्हाकियात आहे. गाव सुदैवाने हंगेरीतच राहिलं, ईशान्येला, गोन्त्सच्या आसपास. पण एकसारख्या नावाची दोन गावं निघाली आणि आम्ही उत्साहाच्या भरात आधी चुकीच्या गावात जाऊन एक अख्खा दिवस घालवला. जन्माची नोंद हातात असल्याशिवाय गावाला निघू नका.

हंगेरीत सरकारी जन्मनोंद १ ऑक्टोबर १८९५ ला सुरू झाली. आजेसासू त्यानंतर जेमतेम साडेचार महिन्यांनी जन्मल्या. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत: कॅथलिक असतील तर बरंचसं लॅटिनमध्ये, म्हणजे इश्तवानचा स्टेफानुस होतो, रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाचे असतील तर बहुतेक हंगेरियनमध्ये. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर दोन्ही प्रकारच्या वह्यांची छायाचित्रं फुकट आहेत. आमची नोंद तिथेच मिळाली.

ते पान मी कितीतरी वेळ पाहत बसले. छापील रकाने, त्यात काळ्या शाईतलं तिरकं अक्षर. वडील: नाप्सामोश, म्हणजे रोजंदारीवरचा मजूर. खाली सहीच्या जागी एक फुली आणि शेजारी कारकुनाने लिहिलेले दोन शब्द: 'केझे वोनाशा', त्याच्या हाताची रेघ. आपल्या जुन्या कागदांवर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं असायचं, त्याचीच आठवण झाली. आणि आईच्या रकान्यात आईचं माहेरचं पूर्ण नाव, नीट हंगेरियन अक्षरांत.

हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण हंगेरीत लग्नानंतर बाईचं नाव जवळजवळ पुसलं जायचं. नवऱ्याच्या पूर्ण नावाला नुसता 'ने' लागतो. समजा नवरा कोवाच यानोश (आडनाव आधी, आपल्याकडच्या सरकारी फॉर्मसारखं), तर बायको कोवाच यानोशने. तिचं स्वतःचं एकही अक्षर त्यात नाही. माझ्या आईचं नाव लग्नात बदललं होतं. तिच्या आईचं माहेरचं नाव तर मला आजही ठाऊक नाही. म्हणून वह्यांमधला आईचा रकाना कधीही सोडू नका. मागच्या पिढीचं दार तिथूनच उघडतं.

प्रवासाचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. चलन फोरिंट, खेड्यात रोख जवळ हवीच. आम्ही बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून सेरेंचला आणि तिथून पुढे गोन्त्सला गेलो. वाटेत विझोय लागतं, जिथे १५९० मध्ये हंगेरियन भाषेतलं पहिलं संपूर्ण बायबल छापलं गेलं. त्याची प्रत तिथल्या चर्चमध्ये आहे, जरूर उतरा. पुढच्या गावांसाठी गाडी भाड्याने घेतलेली बरी. जिल्ह्याचं दप्तर मिश्कोल्त्सला आहे, रिफॉर्म्ड चर्चचा जुना संग्रह शारोश्पातोकला. दोन्हीकडे आधी हंगेरियनमधून ईमेल करा, कुठलं गाव, कुठली वर्षं ते नेमकं लिहून. एका कार्यालयात आम्ही न विचारता गेलो, तर त्या वारी लोकांना भेटायची वेळच नव्हती.

गावात पाद्रीबाईंना महिनाभर आधी पत्र लिहिलं होतं. त्यांनी वही काढून ठेवली होती, बाप्तिस्म्याचं पान दाखवलं, आणि शेजारच्या एका वयस्कर बाईंना आमच्याबरोबर स्मशानात पाठवलं. चर्चला देणगी देऊन या. वही दाखवल्याचे पैसे आमच्याकडे कुणी मागितले नाहीत. स्मशानाबद्दल फार आशा ठेवू नका. लाकडी खुणा कुजून जातात, आणि बऱ्याच ठिकाणी मुदत संपली की जागा दुसऱ्याला दिली जाते. दगड मिळाला तर तारेचा ब्रश लावू नका. साधं पाणी, मऊ ब्रश आणि संध्याकाळचं तिरपं ऊन पुरे. 'स्युल' ही अक्षरं शोधा. त्यापुढे माहेरचं नाव असतं.

आम्हाला आजेसासूंच्या आईचा दगड कुंपणाजवळ, लायलॅकच्या झुडपाआड मिळाला. वर 'ने' लागलेलं नवऱ्याचं नाव, खाली 'स्युल', आणि पुढे वहीतलंच नाव. माझ्या नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं. शेजारच्या बाईंनी मान हलवली आणि नीट उच्चार करून दाखवला. त्याने पुन्हा म्हटलं, तरी पहिला स्वर चुकला. त्यांनी त्याचा हात धरला आणि अक्षराअक्षरावर थांबत त्याच्याकडून ते नाव म्हणवून घेतलं. चौथ्यांदा बरोबर आलं तेव्हाच त्यांनी हात सोडला.