आठ घड्यांचा कागद

आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. आईने त्याखाली तिच्या डोळ्यांच्या थेंबांच्या खोक्यातून निघालेला कागद सारलाय. घडी न मोडता, आला तसा. पुठ्ठा जाड होतो, वर्तमानपत्राची घडी सुटते, हा मात्र बेताचा बसतो, असं ती आल्यागेल्याला कौतुकाने सांगते. असले कागद तपासण्यावर आमचं घर चालतं, हे सांगायला ती विसरते.

नवी मुंबईत रबाळ्याला एका औषध कंपनीत मी आर्टवर्क बघते. आर्टवर्क म्हटल्यावर लोकांना रांगोळी आठवते, म्हणून मी नुसतं 'औषध कंपनीत आहे' म्हणते. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या इमारतीतल्या काकूंनी त्यावर लगेच गुडघा पुढे केला. तेव्हा मला खुलासा करावा लागला की गोळी मी बनवत नाही, गोळीच्या खोक्यावर, फॉइलवर आणि आतल्या कागदावर जे छापलेलं असतं ते बरोबर आहे की नाही, एवढंच बघते. काकू 'अस्सं' म्हणाल्या. त्यांची नववीतली नात तिळगूळ चघळत म्हणाली, "पण ते तर कोणीच वाचत नाही."

वाण म्हणून मिळालेला प्लॅस्टिकचा डबा घेऊन घरी आले. पोरीचं वाक्य काही डब्यात मावेना.

तसं पाहिलं तर पोरगी खरंच बोलली होती. मी स्वतः तापाची गोळी घेते तेव्हा कुठे वाचते? आमचा कागद मुळात वाचावासा वाटू नये अशाच बेताने बनतो की काय, अशी मला शंका आहे. पातळ, मागची अक्षरं पुढे दिसणारा, उलगडला की टेबलभर पसरतो आणि पुन्हा तशी घडी ब्रह्मदेवालाही घालता येत नाही. त्यात 'लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा' पासून 'क्वचित आढळणारे दुष्परिणाम' पर्यंत सगळं. कडेला काळ्या जाडबारीक रेघा असतात. त्या माणसांसाठी नसतातच, पॅकिंग लाइनवरच्या कॅमेऱ्यासाठी असतात. एका औषधाच्या खोक्यात दुसऱ्याचा कागद शिरला, तर कॅमेरा ते खोकं बाजूला ढकलतो. म्हणजे आमच्या कागदाचा एक इमानदार वाचक आहे, पण तोसुद्धा मजकूर वाचत नाही.

आता तर जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून सॉफ्टवेअरच फरक दाखवतं. जिथे बदल तिथे लाल चौकट. मी प्रत्येक चौकटीपुढे लिहायचं की हा बदल मुद्दाम केलाय की चुकून झालाय. नऊ वर्षं मी हेच करतेय. यातले बहुतेक लाल चौकोन स्वल्पविरामाचे असतात.

एकदा मात्र मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम पडलं होतं. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. आकडा तोच ठेवून माप बदललं की औषध कागदावर हजारपट होतं. मी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. त्या दिवशी परतताना मला वाटलं, आख्ख्या ठाणे-वाशी गाडीने उठून मला तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटऐवजी खिडकी द्यावी. पण रात्री लक्षात आलं की माझ्यानंतर त्या कागदावर आणखी चार सह्या व्हायच्या होत्या. त्यातल्या कोणीही ती चूक पकडलीच असती. बहुधा. मग मी केलं ते नेमकं काय? आणि त्या चौघांनीही आपापल्या गाडीत हाच विचार केला असेल, तर पाच सह्यांमधली कामाची सही कोणती? (पगार मिळतो, हा अर्थ पुरेसा नाही का, असं नवरा विचारतो. एक तारखेला पुरतो. पंधरा तारखेनंतर त्याचा जोर ओसरतो.)

ठाण्याचे नऊ आणि दहा नंबरचे प्लॅटफॉर्म असल्या विचारांना फार पोषक. सकाळी आमच्या डब्यात एक नर्स असते. तिचा हेवा मला मनातल्या मनात बरेच दिवस वाटत होता. तिला कोण विचारणार, तुझ्या कामाला अर्थ काय म्हणून? एकदा ऐरोली येईस्तोवर धीर करून तिला ते बोलून दाखवलं. ती एवढी हसली की समोरच्या बाईची पोथी बंद झाली. "अगं, माझी निम्मी ड्यूटी फॉर्म भरण्यात जाते. पेशंटचा हात धरायला वेळ मिळाला तर ती माझी चैन." रबाळे आलं, मी उतरले. हेवा काही तिथेच उतरला नाही, पण थोडा हलका झाला.

युरोपात पाठवायच्या औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्येही उठवावं लागतं, तसा तिथला कायदाच आहे. आपल्याकडच्या खोक्यांवर हे ठिपके सहसा दिसत नाहीत. लुई ब्रेलने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ही लिपी सिद्ध केली. सहा ठिपक्यांत सगळी मुळाक्षरं. मी ते ठिपके तक्त्याशी ताडून तपासते, डोळ्यांनी. डोळे मिटून बोट फिरवलं तर मला फक्त खरखर लागते. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याच्यासाठीचा मजकूर मी बघून पास करते, आणि तो बरोबर वाचला गेला की नाही हे मला कधीच कळत नाही.

गेल्या महिन्यात रद्द छपाईचं असंच एक खोकं माझ्या डब्याच्या पिशवीत घरी निघालं होतं. ऑफिसबाहेर न्यायचं नसतं. चुकून आलं, असं आपण म्हणू. संध्याकाळी घणसोलीहून येणाऱ्या गाडीत एटीएम कार्डांची कव्हरं विकणारा एक दादा चढतो. त्याला दिसत नाही, पण सुट्टे पैसे तो आपल्यापेक्षा लवकर मोजतो. दोन कव्हरं घेतली आणि विचारलं, "दादा, ब्रेल येतं?"

"शाळेत होतो की."

खोकं हातात दिलं. त्याने काठी काखेत मारली, खोकं छातीशी धरलं आणि डाव्या हाताची तर्जनी अगदी हलकी, पाण्यावरून फिरवावी तशी फिरवली. एकदा मागे गेला. मग एकेक इंग्रजी अक्षर सांगत त्याने नाव वाचलं. पुढे आकडा. सगळं बरोबर. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी माझं काम कोणीतरी वाचताना पाहत होते. घसा जड झाला, खोटं कशाला सांगू.

त्याने खोकं उलटसुलट केलं. चारी कडांवरून बोट फिरवलं.

"ताई, नाव कळलं. एक्स्पायरी कुठंय?"

एक्स्पायरी ब्रेलमध्ये नसते. कायदा नावाचा आहे. हे मी त्याला सांगितलं. "मग ती कोणाला तरी विचारायचीच," म्हणत त्याने खोकं परत दिलं आणि दिघा गाव यायच्या आत पुढच्या बाकाशी कव्हरांचा भाव सांगायला लागला.

घरी आले तर आई मान मागे टाकून डोळ्यांत थेंब घालत होती. मी बाटली मागितली. बाटलीवरची तारीख दीड वर्ष पुढची होती.

"ही फोडलीस कधी?"

"दिवाळीत. पहिल्या अंघोळीच्या आदल्या दिवशी, मला आठवतंय. पुरवून पुरवून वापरतेय."

मी वाकले आणि स्टुलाच्या पायाखालून कागद ओढला. ओट्यावर पसरला, हाताने चोळून सपाट केला. खालून तिसरी ओळ, अक्षर मुंगीएवढं: बाटली उघडल्यापासून चार आठवड्यांनी उरलेलं औषध टाकून द्यावे. बहुतेक सगळ्या डोळ्यांच्या थेंबांवर हे असतंच. मी स्वतः कितीतरी कागदांवर ती ओळ पास केलीय. आईला मोठ्याने वाचून दाखवली.

तिने चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. मग माझ्याकडे पाहिलं. बाटली मुकाट्याने केराच्या डब्यात टाकली आणि स्टुलावर बसायला गेली. स्टूल कललं.

"आता याची घडी कोण घालून देणार?" ती म्हणाली.

मी घालायला बसले. सातव्या घडीपर्यंत बरी जमली होती.