आमची वाटचाल : ग्राफिक्स कार्डावरची गणितं

आमची कंपनी छोटी आहे आणि काम एकच करते: लोकांचे तासन्‌तास चालणारे आकडेमोडीचे प्रोग्राम ग्राफिक्स कार्डावर आणून लवकर संपवून देणं.

आम्ही यात शिरलो तेव्हा जीपीयूकडून, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या मुख्य चिपकडून, गणित करून घ्यायचं तर ते चित्रच आहे असं त्याला भासवावं लागे. आकडे टेक्श्चरमध्ये (चित्राचा पोत साठवायच्या जागेत) भरायचे, सूत्र शेडरमध्ये (पिक्सेलचा रंग काढणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) लिहायचं आणि पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या पिक्सेलमधून उत्तरं वाचायची. स्टॅनफर्डच्या ब्रूक भाषेने २००४ मध्ये हा खटाटोप बराच हलका केला. पण धंदा म्हणून याकडे बघता आलं ते एनव्हिडियाने नोव्हेंबर २००६ मध्ये जीफोर्स ८८०० कार्डाबरोबर कुडा, म्हणजे कार्डासाठी थेट गणिताचे प्रोग्राम लिहायची सोय, जाहीर केल्यावर. एकाच वेळी गणित करणारे १२८ कोअर, आणि लिहायला जवळपास साधी सी भाषा!

सुरुवातीची कामं सीटी स्कॅनची. अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण प्रतिमांवरून छेद उभा करताना त्यातला प्रत्येक बिंदू शेजाऱ्याची वाट न पाहता काढता येतो. जीपीयूला असंच काम मानवतं. इंजिनिअरिंगवाले ग्राहक मात्र थांबून होते, आणि त्यांचं बरोबर होतं. पहिल्या पिढीत डबल प्रिसिजन, म्हणजे जास्त अंकांपर्यंत अचूक आकडेमोड, नव्हतीच. ती २००८ मध्ये आली, आणि मेमरीतल्या चुका दुरुस्त करणारी ईसीसी २०१० च्या फर्मी पिढीत. त्यानंतर ही मंडळी आपणहून आली.

कार्ड घेतलं की वेग आला, हा समज अजूनही भेटतो. वेग कोअरच्या संख्येत कमी आणि आकडे कोअरपर्यंत कसे पोचतात त्यात जास्त असतो. कणांच्या सिम्युलेशनचं एक काम सांगतो. मूळ कोडात प्रत्येक कणाची नोंद आठ आकड्यांची, म्हणजे ३२ बाइटची होती: स्थान, वेग, वस्तुमान, विद्युतभार. एनव्हिडियाच्या कार्डावर ३२ थ्रेडचा (कामाच्या धाग्यांचा) एक गट एकत्र चालतो, त्याला वार्प म्हणतात. वार्पने ३२ कणांचा नुसता 'क्ष' मागितला तरी ते आकडे १०२४ बाइटांत विखुरलेले, आणि मेमरी एका खेपेला आणणार १२८ बाइट. म्हणजे आठ खेपा, आणि आणलेल्यातला बहुतेक माल त्या क्षणी नको असलेला. आम्ही सूत्राला हातही लावला नाही. सगळे 'क्ष' सलग, मग सगळे 'य' सलग असे मांडले. ३२ गुणिले ४ बरोबर १२८, एकच खेप. शिवाय प्रत्येक टप्प्याला आकडे सीपीयूकडे जात-येत होते, ते शेवटपर्यंत कार्डावरच ठेवले. रात्रभराचं काम दुपारच्या सुट्टीत उरकू लागलं.

म्हणून कोटेशन देण्याआधी आम्ही ग्राहकाचा प्रोग्राम प्रोफायलरखाली, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजणाऱ्या साधनाखाली, चालवून बघतो. वेळेचा दहा टक्के भाग एकामागून एकच चालणारा असेल, तर बाकीचं कितीही पळवा, दहापटीच्या पुढे जाता येत नाही. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच हे मांडलं होतं. असं दिसलं की आम्ही काम घेत नाही आणि का ते लेखी कळवतो. असे काही जण पुढे दुसरं काम घेऊन आमच्याकडेच आले, याचा मला फार आनंद आहे.

उत्तराचा शेवटचा अंक बदलला की ग्राहक धास्तावतात. समांतर बेरजेत क्रम बदलतो, आणि फ्लोटिंग पॉइंटची, म्हणजे ठरावीक अंकांपर्यंतच साठवलेल्या दशांश आकड्यांची, बेरीज क्रमाप्रमाणे किंचित बदलते. किती फरक चालेल हे आम्ही त्यांच्या तज्ज्ञांबरोबर बसून आधीच ठरवतो.

२०१२ मध्ये अॅलेक्सनेट हे चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकवलं गेलं आणि त्यानंतर हळूहळू चौकश्यांचा सूरच पालटला. एआयची कामं करतोच, पण आमचा जीव सिम्युलेशनमध्ये. सध्या द्रवप्रवाहाचा एक कोड हाती आहे. त्याची जाळी (प्रवाहाची जागा ज्या लहान चौकटींत विभागतात ती) एका कार्डाच्या मेमरीत मावत नाही, म्हणून ती दोन कार्डांवर विभागली आहे. सीमेवरच्या चौकटींचं गणित आधी करून ते आकडे पलीकडे पाठवायचे आणि ते पोचेपर्यंत आतल्या चौकटी सोडवायच्या, हे जुळवणं सध्या चालू आहे.