आजींचा पंचम आणि उतरलेला सेल

इंदूरला महारानी रोडजवळच्या गल्लीत माझं रिपेअरिंगचं दुकान, की-बोर्ड, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर (गाण्याचा, वाटणाचा नाही) सगळं येतं. परवा रामबागेतून एक गाणं शिकवणाऱ्या आजी आल्या, सोबत कॉलेजात जाणारा नातू आणि त्याच्या हातात प्लास्टिकचा टिफिन, त्याला चार नॉब लावलेले, आत ४०१०६ नावाची चिप. रियाजासाठी पोरानं घरीच बनवलेला ड्रोन, म्हणजे तानपुऱ्यासारखा सतत सूर धरणारा डबा.

"काका, नवीन सेल टाकल्यापासून आजी म्हणते पंचम हलतो, पण ट्यूनर अ‍ॅपवर तर बरोबर दाखवतंय."

ही चिप वीस-पंचवीस रुपयांत मिळते, आत सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर, म्हणजे इनपुट वर गेलं की आउटपुट खाली पाडणारे उलटे स्विच. आउटपुटवरून इनपुटला एक रेझिस्टर, इनपुटवरून ग्राउंडला एक कपॅसिटर, झाला ऑसिलेटर. कपॅसिटर वरच्या पातळीपर्यंत भरला की आउटपुट खाली पडतं, मग तो रिकामा होत खालच्या पातळीला आला की आउटपुट परत वर, असं सेकंदाला २२० वेळा झालं की पांढरी सहाचा सा. रेझिस्टरच्या जागी पॉट (नॉबनं कमी-जास्त होणारा रेझिस्टर) लावला की सूर फिरवता येतो. पोराचं काम चोख होतं, न वापरलेली दोन इनपुटंसुद्धा ग्राउंडला जोडलेली, बरेच जण ती तशीच लोंबकळत सोडतात.

स्कोप (लहरी स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) लावला, सा ची लहर स्क्रीनवर स्थिर केली तर प ची लहर हळूहळू सरकत होती. आता गंमत बघा, अ‍ॅप देतं ३२९.६३ हर्ट्झ, हार्मोनियमवाला पंचम, आणि सा-प चं खरं प्रमाण ३:२, म्हणजे ३३० हवा. फरक अर्धा हर्ट्झसुद्धा नाही पण वरच्या हार्मोनिक्समध्ये (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट सुरांत) सव्वा-दीड सेकंदाला एक हेलकावा येतो. (चौकोनी लहरीत सम हार्मोनिक नसतात म्हणतात, पण या चिपचा चौकोन कधीच अगदी निम्मानिम्मा नसतो.) आजींनी डोळे मिटून हातानं तोच हेलकावा मोजून दाखवला, माझा स्कोप नंतर!

मग आधी का हलत नव्हता? मी विचारलं, जुना सेल आहे का, तर पोराच्या बॅगेतच निघाला. तो लावला आणि दोन्ही लहरी स्क्रीनवर जागच्या जागी थांबल्या. नऊ व्होल्टचा सेल उतरला की त्याचा आतला रेझिस्टन्स वाढतो, मग एक ऑसिलेटर पलटला की सगळ्यांच्याच सप्लायला धक्का बसतो, आणि प्रमाण सोप्या आकड्याच्या जवळ असेल तर ते एकमेकांना पकडून लॉक होतात. सिंथेसायझर बनवणारे याच्यावर वैतागतात, चिपच्या सप्लायच्या पिन १४ आणि ७ च्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून हे बंद करतात. मीही सवयीनं तो हातात घेतलाच होता, आजी म्हणाल्या, "थांब हो, हाच पंचम राहू दे, खरा लागलाय."

म्हणजे मला रिपेअर नाही, बिघाड कायम करून द्यायचा होता. नव्या सेललाही उतरलेल्यासारखा रेझिस्टन्स यावा म्हणून त्याच्या प्लसच्या वायरमध्ये १ किलोओहमचा प्रिसेट (एकदा फिरवून ठेवायचा छोटा पॉट) टाकला, लॉक बसेपर्यंत फिरवला, सप्लाय पडल्यानं सूर थोडे सरकले ते पॉटनं परत जुळवले. प्रिसेटवर नेलपेंटचा ठिपका देऊन टाकला. पोरगा अजून अ‍ॅपच दाखवत होता, काका, आता प थोडा चढा दाखवतंय. आजींनी त्याचा मोबाइल घेऊन पर्समध्ये टाकला आणि मला विचारलं, खर्ज पण असाच बसवता येईल का रे.