विहिरीचं मीटर, भाग ४: बेरीज बरोबर, पाणी चुकीचं

विहिरीतलं मीटर पाण्याची पातळी आणि तापमान वायरीवरून घरी पाठवतं. गेल्या गुरुवारी पडवीतल्या डिस्प्लेकडे बघून बाबांनी विचारलं, "अरे, आपली बाव २५ फुटांची, मग २८ फूट पाणी खंयसून इला?" खाली पाण्याचं तापमान १९ अंश. देवगडात, जुलैत! आणि चेकसम, म्हणजे चूक पकडायला आकड्यांसोबत पाठवलेली त्यांची बेरीज, मात्र बरोबर.

म्हणजे पॅकेट (एका रीडिंगच्या आकड्यांचा गठ्ठा) वाटेत बिघडलं आणि माझ्या कोडने ते मुकाट्याने आत घेतलं. आधीचं आणि नंतरचं रीडिंग २० फूट, २७ अंश. बायनरीत मांडल्यावर उलगडा झाला:

२० = १०१००, २८ = १११००
२७ = ११०११, १९ = १००११

दोन्ही बाइटमध्ये (एक बाइट म्हणजे आठ बिट, बिट म्हणजे ० किंवा १) आठाच्या घरातला बिट उलटलाय. एकीकडे आठ वाढले, दुसरीकडे आठ घटले, बेरीज ४७ ची ४७च. पेटीतले दोन हापूस काढून दोन पायरी घातले तरी पाच डझन भरतातच, तसं. बेरजेऐवजी एक्सॉर (एकाच घरातले बिट सारखे तर ०, वेगळे तर १) घेतला असता तरी हे निसटलं असतं. दर बाइटला पॅरिटी (त्यातले १ सम आहेत की विषम हे सांगणारा जादा बिट) असती तर सापडलं असतं, पण एकाच बाइटमध्ये दोन बिट उलटले की पॅरिटीही गप्प.

म्हणून शनिवार-रविवार बसून १६ बिटांचा सीआरसी (सायक्लिक रिडन्डन्सी चेक, चुका पकडायची दुसरी रीत) लिहिला. इथे बेरीज नाही, भागाकार आहे. अख्खं पॅकेट एक लांबलचक बायनरी संख्या धरायची, ठरलेल्या भाजकाने हातचा न घेता भागायची आणि उरलेली बाकी शेपटीला जोडून पाठवायची. बिट कितव्या जागी आहे यावर बाकी बदलते, हीच यातली गंमत. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये मांडलेली कल्पना, आजही तितकीच देखणी वाटते.

तपासायला १ ते ९ हे आकडे अक्षरं म्हणून दिले की २९बी१ (सोळाच्या पायावरची संख्या) यायला हवं. मला ३१सी३ येत होतं. दोन तास गेले. बाकी मोजायला लागतानाची सुरुवातीची किंमत मी शून्य ठेवली होती, हवी होती एफएफएफएफ. शून्यापासून सुरू केलं तर पॅकेटच्या तोंडाशी जादा शून्यं घुसली तरी बाकी तीच राहते, म्हणून हा बदल महत्त्वाचा.

मग सीआरसीसकट ६४ बिटांच्या पॅकेटमधल्या बिटांच्या सगळ्या २०१६ जोड्या उलटवून पाहिल्या. एकही सुटली नाही. सलग १६ बिटांच्या पट्ट्यात काहीही बिघडलं तरी सापडतंच, आणि पंपाच्या मोटरचा विजेचा धक्का वायरीला असाच सलग बसतो.

मीटरची वायर पंपाच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेलीय, ते आता खटकतंय. पावसात जांभ्यात नवा चर खणणं जमणार नाही, म्हणून तोवर घरचा सर्किट बोर्ड खराब पॅकेट टाकून तेच पुन्हा मागतो. कालपासून ११ नाकारली. अकराही पंप सुरू होतानाची.