आधी चिप, मग इंजेक्शन : आमच्या ठमीला जर्मनीला नेताना

गेल्या महिनाभरात तीन जणींनी मला विचारलं की मांजर युरोपात नेताना नक्की काय काय करावं लागतं, आणि तिघींनाही मी बाकी काही सांगायच्या आधी हेच सांगितलं की आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची, ओळख नंबरची बारीकशी चिप), मग रेबीजचं इंजेक्शन. एकाच दिवशी केलं तरी चालतं, पण चिप आधी. हे उलटं झालं म्हणून माझे जवळजवळ दोन महिने गेले आणि अजून त्याची आठवण आली की डोकं तापतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

ठमी आमची गावठी मांजर. पार्किंगमधे सापडली तेव्हा तळहातावर मावत होती, आता पावणेपाच किलोची आहे. नवरा जानेवारीत नोकरीसाठी जर्मनीला गेला, मी आणि ठमी जूनअखेर जायचं असं ठरलं होतं. तिला इथेच कोणाकडे तरी ठेवून ये असं सांगणारे भरपूर भेटले, त्यांच्याशी मी वाद घातला नाही पण तो विचार एकदाही मनात आला नाही.

नियम मी आधी वाचून काढले होते. रेबीजच्या बाबतीत सवलत असलेल्या देशांच्या युरोपियन युनियनच्या यादीत भारत नाही, त्यामुळे इथून जाणाऱ्या कुत्र्यामांजरांना नुसतं इंजेक्शन पुरत नाही. पंधरा आकडी नंबरची, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर कमीत कमी ३० दिवसांनी रक्त काढायचं, त्यातलं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) वेगळं करून युनियनने मान्यता दिलेल्या लॅबला पाठवायचं, रिपोर्टमधे लसीने तयार झालेल्या अँटिबॉडी दर मिलिलिटरला ०.५ आययू (त्या मोजायचं एकक) किंवा त्याच्या वर यायला पाहिजेत, आणि रक्त काढलेल्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबायचं. रिपोर्ट आल्यापासून नाही, रक्त काढल्यापासून, हे नीट लक्षात ठेवा, यातही लोक गोंधळतात. तीन महिने कशासाठी तर रेबीज अंगात शिरल्यावर बाहेर दिसायला महिनोनमहिने लागू शकतात, लस द्यायच्या आधीच लागण झालेली असेल तर ती या काळात कळावी. हे कारण समजलं तेव्हा मला ते पटलं, थांबण्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

तर ४ फेब्रुवारीला ठमीला घेऊन नेहमीच्या क्लिनिकमधे गेले. डॉक्टर म्हणाले चिप संपल्यात, नवीन मागवल्यात, पण इंजेक्शन देऊन टाकू, तुमचे दिवस कशाला वाया घालवायचे, चिप काय कधीही बसवता येते. मी विचारलं सुद्धा की डॉक्टर, चिप आधी लागते ना? तर म्हणाले मी इतकी वर्षं करतोय, काही होत नाही. समोरचा माणूस डॉक्टर, मी कोण, गप्प बसले. १९ तारखेला चिप आली, बसवली. १० मार्चला रक्त काढलं, सीरम परदेशातल्या लॅबला गेलं, आणि २६ मार्चला ईमेल आला, ३.१. मी ऑफिसमधेच रडले आनंदाने. येताना पेढे घेऊन आले, आईला फोन केला, नवऱ्याने तिकडे खिडकीला जाळी बसवायला माणूस शोधायला घेतला.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला एका ओळखीच्या ताईंचा फोन. त्या दोन वर्षांपूर्वी कुत्रा घेऊन नेदरलँड्सला गेलेल्या, मी त्यांना ठमीच्या लसीकरणाच्या पुस्तिकेचे फोटो हौसेने पाठवले होते. त्यांनी एवढंच विचारलं, अगं, चिपची तारीख लसीच्या नंतरची कशी काय?

मी पुस्तिका काढून बघितली. डाव्या पानावर लसीच्या बाटलीचं छोटं स्टिकर, शेजारी निळ्या पेनाने ०४/०२. उजव्या पानावर चिपचं बारकोडवालं स्टिकर, शेजारी १९/०२. पंधरा दिवसांचं अंतर, त्याच पेनाने, त्याच अक्षरात. चिप बसवायच्या आधी दिलेली लस धरली जातच नाही, कारण ती लस याच मांजराला दिली हे सिद्ध करणारी खूण तेव्हा तिच्या अंगात नव्हतीच. लस नाही म्हणजे रक्ताचा रिपोर्ट नाही, रिपोर्ट नाही म्हणजे तीन महिने नाहीत. ३.१ काय आणि ३१ काय.

सकाळी क्लिनिक उघडायच्या आधी मी दारात उभी. डॉक्टर आले, ऐकून घेतलं, म्हणाले एवढं कोण बघतंय. मी म्हटलं तिथे बघणारा माणूस त्याच कामासाठी बसलेला असतो. मग म्हणाले नियम बदलला असेल. नियम तोच होता, मी छापून नेला होता, टेबलावर ठेवला, त्यांनी तो उचलला पण नाही. बाहेर चार जण कुत्री घेऊन बसलेले, रिसेप्शनवाली मुलगी दोनदा आत डोकावून गेली. शेवटी ते म्हणाले, असं करू, तुम्हाला नवीन पुस्तिका देतो, त्यात चिपची तारीख ३ फेब्रुवारी टाकतो, विषय संपला.

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. तिकिटं २४ जूनची काढलेली होती. पण चिप ऑनलाइन रजिस्टर केलेली १९ तारखेला, चिपची पावती त्याच तारखेची, लॅबच्या फॉर्मवरही चिपची तारीख लिहून गेलेली. आणि समजा पकडलं गेलं तर शिक्षा मला नाही, ठमीला होते. कागद चुकीचे निघाले तर जनावर परत पाठवतात किंवा क्वारंटाइनमधे ठेवतात, आणि दोन्ही जमलं नाही तर त्यांच्याकडे शेवटचा पर्याय पण आहे, तो मला इथे लिहायचा नाही. मी म्हटलं नको, आणि पुस्तिका उचलून निघून आले. 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द ते म्हणाले असते तर मी हे सगळं कधीच विसरून गेले असते. ते म्हणालेच नाहीत. लॅबचे आणि कुरिअरचे पैसे गेले, तिकीट बदलायचे पैसे गेले, पण मला राग त्या न आलेल्या दोन शब्दांचा आहे.

त्या रात्री आईला सांगताना आवाज फुटत नव्हता. आई कोल्हापूरकडची, ती म्हणाली, बरं झालं खोटं लिहून घेतलं नाहीस, मी येते तिकडं, बसू दोघी वाकळ शिवत.

आणि खरंच आली, पिशवीत आजीचं जुनं लुगडं, बाबांचे दोन पांढरे शर्ट आणि तिच्या स्वतःच्या तीन सुती साड्या घेऊन. गोधडीला आमच्याकडे वाकळच म्हणतात. ठमीच्या प्रवासाच्या पिशवीत घालायला छोटीशी शिवायची असं ठरलं. हॉलमधली टीपॉय सरकवून लुगडं अंथरलं, त्यावर शर्टाचं कापड, वर साडी, चार कोपऱ्यांवर तांदळाचा डबा, वरवंटा, इस्त्री आणि डिक्शनरी. आई कडा आत दुमडून आधी लांब लांब कच्चे टाके घालून टाचून घेते, मग बाहेरच्या कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनातून चौकोन करत आत येते. ठमी पहिल्याच दिवशी दोन थरांच्या मधे शिरली आणि आतून पळत सुटली, सगळं टाचलेलं उसवलं. आईने काही न बोलता परत टाचलं.

इथे एक गोष्ट मधेच सांगते कारण ती चिपइतकीच महत्त्वाची आहे. मांजर असलेल्या घरात शिवणकाम करत असाल तर सुई-दोरा उघडा सोडून उठू नका, चहा टाकायला सुद्धा. मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले काटे असतात, दोरा एकदा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही, आतच जात राहतो. आतड्यात अडकला तर आतडं गोळा होतं आणि ऑपरेशन करावं लागतं. आणि तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, अजिबात नाही, आतलं टोक कुठे अडकलंय आपल्याला दिसत नाही, तसंच उचलून डॉक्टरकडे न्यायचं. आईने दर वेळी उठताना सुई मोजून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली.

१ एप्रिलला दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी आधी स्कॅनर फिरवला, स्क्रीनवरचे पंधरा आकडे मला मोठ्याने वाचायला लावले, पुस्तिकेशी ताडून बघितले आणि मगच इंजेक्शन दिलं. चिप मानेपासून खांद्याकडे थोडी सरकली होती, तसं होतं म्हणे, म्हणून नुसतं मानेवर नाही, दोन्ही खांद्यांवर स्कॅनर फिरवायला सांगा. सगळं मिळून दहा मिनिटं. पार्किंगमधे येऊन मी पाच मिनिटं गाडी चालू न करता तशीच बसून राहिले, इतकं सोपं होतं ते.

४ मेला रक्त, म्हणजे ४ ऑगस्टपर्यंत थांबायचं. छोटी वाकळ तर आठ दिवसात झाली होती, मग आई म्हणाली तुम्हा दोघांना पण एक होऊ दे, तिकडं थंडी असती. मोठीचं रोज संध्याकाळी थोडं थोडं चाललं, एका बाजूला आई, एका बाजूला मी. मला पहिल्यांदा टाके सरळ यायला लागले ते त्या महिन्यांत. लहानपणी आजी आणि आई शिवत असताना मी फक्त त्याच्यावर लोळायचे. आता माझी बाजू आणि आईची बाजू उलटून बघितली तर मागून ओळखू येते, तिचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, माझे गव्हाएवढे, पण आहेत सरळ.

छोटी वाकळ झाल्याझाल्या प्रवासाच्या पिशवीत घालून पिशवी उघडीच हॉलच्या कोपऱ्यात ठेवली होती. निघायच्या दिवशी पहिल्यांदा मांजराला पिशवी दाखवू नका, दोन महिने आधीपासून ती घरातली वस्तू होऊ द्या. जूनपर्यंत ठमी दुपारची झोपायलाच तिकडे जायला लागली. वजनाकडे पण बघा, आमच्या एअरलाइनला केबिनमधे पिशवीसकट ८ किलो चालत होते, म्हणून वाकळ तीनच थरांची ठेवली, ४०० ग्रॅम भरली. झोपेचं औषध द्यायचं नाही असं डॉक्टर बाईंनी बजावून सांगितलं होतं, आणि गुंगीतल्या प्राण्याला बऱ्याच एअरलाइन घेत पण नाहीत. निघायच्या आधी सहा तास खायला दिलं नाही, पाणी थोडं थोडं दिलं.

बाकीचं भराभर झालं. दुसरा रिपोर्ट चांगला आला. शेवटचं हेल्थ सर्टिफिकेट तिथे पोचेपर्यंत दहाच दिवस चालतं म्हणून ते तिकिटाच्या तारखेला धरून काढायचं असतं, मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइनच्या ऑफिसचं काम एका दिवसात झालं, फाइलमधे प्रत्येक कागदाच्या दोन प्रती ठेवल्या होत्या त्याचा फायदा झाला. मांजर आणि मालक यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, त्यामुळे तू पुढे जा, मांजर नंतर मागवू असं कोणी सुचवलं तर ते या नियमात बसत नाही. आईने बॅगेत साजूक तूप आणि पेढे भरले होते ते मी निघायच्या आदल्या रात्री काढले, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत, आणि त्यात मांजराचं नेहमीचं खाणं पण येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. आईला वाईट वाटलं. भाकरवडी राहू दिली.

१२ ऑगस्टच्या पहाटे एअरपोर्टवर सिक्युरिटीला ठमीला पिशवीतून बाहेर काढावं लागलं, कारण पिशवी मशीनमधून जाते आणि मांजर आपल्या कडेवर. मी वेगळी खोली मागितली, त्यांनी लगेच दिली. अंगात हार्नेस घरूनच घालून न्या, तिथे घालायला जाऊ नका, ती थरथरत होती आणि तिची नखं माझ्या खांद्यात रुतलेली होती, त्या वेळी पट्टा लावणं शक्यच झालं नसतं. परत पिशवीत ठेवल्यावर वाकळीच्या खाली तोंड घालून बसली ती फ्रँकफर्टपर्यंत.

फ्रँकफर्टला कस्टमच्या लाल चॅनेलमधून गेले, हिरव्यातून जायचं नाही, प्राणी दाखवावाच लागतो. काउंटरवरच्या बाईंनी फाइल घेतली. पहिल्यांदा त्यांनी चिपच्या तारखेवर बोट ठेवलं, मग लसीच्या तारखेवर बोट ठेवलं, मग परत चिपच्या. मग स्कॅनर घेऊन बाहेर आल्या, ठमीच्या खांद्यावर फिरवला, आकडे बघितले, शिक्का मारला. चार मिनिटं लागली असतील. एवढं कोण बघतंय म्हणणाऱ्यांना मला ते बोट दाखवायचं होतं.

आणखी एक राहिलं. लसीचा पुढचा डोस मुदत संपायच्या आत द्यायचा, एक दिवस सुद्धा उशीर नको. मुदतीत देत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट कायमचा चालतो, खंड पडला की भारतात येऊन परत जाताना पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा तीन महिने. ठमीची मुदत ३१ मार्चला संपते, मी १५ मार्चची अपॉइंटमेंट आत्ताच घेऊन ठेवलीय.